रिकॉलचा लांबचा रस्ता

जानेवारी २०१० च्या अखेरीस होंडा कंपनीने जगभरातल्या सुमारे ६ लाख ४६ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष इंजिनात नव्हता, ब्रेकमध्येही नव्हता. तो होता ड्रायव्हरच्या दारावरच्या, काचा वर-खाली करणाऱ्या बटणांच्या संचात. खिडकी उघडी राहिली आणि पाऊस आत आला, तर पाणी झिरपत त्या मुख्य स्विचपर्यंत पोचायचं. आत शॉर्ट सर्किट व्हायचं, स्विच तापायचा, प्लॅस्टिक वितळायचं आणि एखाद्या गाडीत ते पेटायचं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला २००९ साली अशाच आगीत गाडीत असलेली दोन वर्षांची मुलगी दगावली होती. परत बोलावलेल्या गाड्यांत भारतातल्या ८,५३२ ‘सिटी’ गाड्याही होत्या, २००७ साली तयार झालेल्या.

जून ते सप्टेंबर पावसात भिजणाऱ्या देशात हे स्विच तीन पावसाळे वापरले गेले होते. आणि आपल्याकडे त्या दिवशी असा एकही कायदा नव्हता, की ज्याच्या आधाराने सरकार कोणत्याही कंपनीला म्हणू शकलं असतं, ‘या गाड्या परत घे, दुरुस्त कर आणि खर्च तू सोस.’ भारतीय मालकांना दोष कळला तो कंपनीने जगभरात पाऊल उचललं म्हणून. कंपनीने ते उचललं नसतं, तर तिला विचारणारं इथे कोणी नव्हतं.

मोटारीतल्या सुखसोयींचा इतिहास लिहिताना लोक वेग, मायलेज, एसी यांबद्दल भरभरून लिहितात. या सोयी बिघडल्या तेव्हा काय झालं आणि ते कोणाला केव्हा कळलं, याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कारण मी राहतो ते गाव आहे. अशोका गार्डन ही भोपाळ स्टेशन आणि गोविंदपुरा यांच्या मधली दाट वस्ती. गोविंदपुऱ्यात १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सने, म्हणजे आजच्या भेलने, विजेच्या मोटर आणि ट्रान्सफॉर्मर बनवायला देशभरातून माणसं आणली. त्यांत मराठी कुटुंबंही होती. तारेवरचं इन्सुलेशन एका जागी कमजोर झालं की पुढे काय होतं, हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावं लागत नाही. आणि धोक्याची खबर ज्यांच्याकडे होती त्यांनी ती दाबून ठेवली तर काय होतं, हे तर या शहरात कोणालाच समजावून सांगावं लागत नाही.

गरम होणाऱ्या सीटची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकने १९६६ च्या मॉडेलमध्ये ही सोय जास्तीचे पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांना देऊ केली. सीटच्या कापडाखाली कार्बनच्या कापडाच्या तापणाऱ्या गाद्या बसवल्या होत्या. पुढे स्वीडनच्या साबने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्रायव्हरची गरम सीट नेहमीच्या गाडीत देऊन टाकली. उणे तापमानात गाडीचा हीटर गरम हवा देईपर्यंत बराच वेळ जातो. सीट मात्र दोन-तीन मिनिटांत ऊब देते. थंड देशांत ही चैन राहिली नाही, गरज झाली.

तेच १९६६ साल आणखी दोन गोष्टींचं आहे. आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, राल्फ नेडर या तरुण वकिलाचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं होतं. अपघात ड्रायव्हरच्या चुकीने होतात, एवढंच तोवर सगळे धरून चालले होते. नेडरने गाडीच्या रचनेकडे बोट दाखवलं. त्यातून उठलेल्या वादळानंतर ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. गाडीत सुरक्षेला धक्का पोचवणारा दोष आढळला तर मालकाला कळवणं कंपनीला भाग पडलं. आणि याच वर्षी पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली. गाड्या तपासण्याची संस्था आपल्याकडे अमेरिकेच्या कायद्याच्याच वर्षी उभी राहिली. दोष सापडल्यावर गाडी परत बोलावण्याचा अधिकार मात्र यायला आणखी अर्धं शतक जायचं होतं.

गरम सीटचं तंत्र साधं आहे आणि त्याचा धोकाही त्या साधेपणातच आहे. सीटचं कव्हर आणि फोम यांच्यामध्ये पातळ गादी असते. तिच्यात रोधक तार किंवा कार्बनचे तंतू नागमोडी फिरवलेले असतात. बॅटरीची १२ व्होल्टची वीज त्यांतून गेली की ते तापतात. ठरावीक तापमानाला पोचल्यावर एक छोटा सेन्सर किंवा थर्मोस्टॅट वीज तोडतो. पण ही तार घरच्या इस्त्रीतल्या तारेसारखी एका जागी स्थिर बसलेली नाही. तिच्यावर माणूस बसतो, उठतो, गुडघा टेकवून मागच्या सीटवरची पिशवी ओढतो, मूल त्यावर उड्या मारतं. वर्षानुवर्षं वाकून तारेतले काही तंतू तुटतात. उरलेल्या थोड्या तंतूंतून सगळी वीज जाऊ लागते, आणि त्या नखाएवढ्या जागेचं तापमान बाकी गादीच्या कितीतरी पट वर जातं. सेन्सर दुसरीकडे बसलेला असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही.

फ्यूजबद्दलचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या माणसांतही आहे. ‘फ्यूज आहे ना, काही झालं तर उडेल.’ फ्यूज उडतो तो सर्किटमधून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला तर. अर्धवट तुटलेल्या तारेत किंवा सैल जोडात एकूण प्रवाह वाढतोच असं नाही, कधी तो कमीच होतो. उष्णता मात्र सगळी एका टिंबाएवढ्या जागी गोळा होते. सीटला भोक पडतं, कापड करपतं, माणूस भाजतो, आणि फ्यूज शाबूत असतो.

माणसाची कातडी किती उष्णता किती वेळ सोसते, याचा पाया घालणारा अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. ४४ अंश सेल्सिअसचा स्पर्श सुमारे सहा तास राहिला तर कातडी भाजते. त्याच्या वर, ५१ अंशांपर्यंत, दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. म्हणजे ४५ अंशांच्या सीटवर बसून भोपाळहून इंदूरला निघालेला माणूस पोचेपर्यंत भाजण्याच्या हद्दीत येतो. ४५ अंश म्हणजे काही निखारा नव्हे. हात लावला तर तो नुसता चांगला गरम लागतो.

निरोगी माणूस अर्ध्या तासात चुळबुळ करतो, बटण बंद करतो. ज्याला चटका कळतच नाही त्याचं काय? कमरेखाली संवेदना गेलेल्या लोकांना गरम सीटने खोल भाजल्याच्या घटना अमेरिकेत भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवल्या. मधुमेहात नसा बधिर झालेल्यांची गत तीच. २०११ च्या सुरुवातीला तिथल्या वाहन-सुरक्षा अभ्यासकांनी आणि या डॉक्टरांनी मिळून केंद्रीय वाहन सुरक्षा संस्थेकडे मागणी केली, की सीटचं कमाल तापमान कायद्याने ठरवा आणि सीट आपोआप बंद होण्याची सोय सक्तीची करा. गरम सीट बाजारात येऊन तेव्हा ४५ वर्षं झाली होती आणि तोवर ती किती तापावी याचा नियमच नव्हता. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणून ही दूरदेशीची बाब समजून सोडून देता येत नाही.

आता १९७० च्या दशकातल्या महाराष्ट्रात येऊ. वापरणाऱ्याचा हक्क ही कल्पना इथे आपल्या पायांनी चालत आली. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. सुरुवातीला विषय होते रास्त भाव, वजनमापं, भेसळ. विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे, ही मागणी हळूहळू कायद्याच्या दारापर्यंत गेली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला.

ग्राहक चळवळ आणि ग्राहक कायदा यांच्या मध्ये माझ्या गावाची रात्र आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं. त्यात पाणी शिरलं आणि ते उकळून बाहेर पडलं. ही हकिगत अनेकदा लिहिली गेली आहे, इथे मला तिचा एकच धागा घ्यायचा आहे. टाकीतलं रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. गळालेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. या गोष्टी कारखान्याच्या आत माहीत होत्या. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच पथकाने इथल्या त्रुटींची लांबलचक यादी करून दिली होती. सप्टेंबर १९८४ मध्ये, म्हणजे गळतीच्या तीन महिने आधी, कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या भावंड-कारखान्याबद्दल एक अंतर्गत अहवाल तयार झाला. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत आवरता न येणारी रासायनिक क्रिया सुरू होऊ शकते, असा इशारा त्यात होता. तो अहवाल भोपाळला कळवला गेला नाही.

बाहेरच्यांपैकी एका माणसाने जीव तोडून सांगितलं होतं. राजकुमार केसवानी हे भोपाळचे तरुण पत्रकार. त्यांनी १९८२ साली आपल्या ‘रपट’ या छोट्या हिंदी साप्ताहिकात आणि १९८४ साली ‘जनसत्ता’त लिहिलं, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. त्यांच्या हातात ना तपासणीचा अधिकार होता ना कारखाना बंद करण्याचा. ज्यांच्या हातात होता त्यांनी ऐकलं नाही. केसवानी २०२१ मध्ये गेले. या शहराने त्यांचं ऋण पुरतं फेडलं असं मला वाटत नाही.

भोपाळनंतरच्या दोन-तीन वर्षांत देशाचा कायदा हलला. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीच्या प्रकरणात, धोक्याचा उद्योग चालवणाऱ्यावर पूर्ण जबाबदारीचं तत्त्व सांगितलं. चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचं नाही. धोका ज्याने आणला त्यानेच भरून द्यायचं. आणि मग तो ग्राहक कायदा. पण त्या कायद्याची चाल एकेका तक्रारीची होती. माझी गाडी बिघडली, मी मंचाकडे गेलो, मला भरपाई मिळाली. त्याच साच्यातून, त्याच आठवड्यात निघालेल्या बाकी हजार गाड्या मात्र रस्त्यावर फिरतच राहिल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही गाडी परत बोलावण्याला जागा दिली नाही.

कायद्यातली ही उणीव जिच्यावरून उघड्यावर आली ती गाडी पुण्यात घडली होती. टाटांची नॅनो. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहनमेळ्यात रतन टाटांनी ती दाखवली, तेव्हा स्कूटरवर बायको-मुलांना बसवून पावसात जाणाऱ्या माणसाला छप्पर मिळणार, या भावनेने कितीतरी घरं हळवी झाली. तो आनंद खरा होता. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी गाडीचा एकेक भाग पुन्हा पुन्हा आखून किंमत एक लाखाच्या आसपास आणली होती. सिंगूरला कारखान्याविरुद्ध झालेलं आंदोलन, ऑक्टोबर २००८ मध्ये तिथून माघार, साणंदला नवा कारखाना, तोवर पंतनगरला तात्पुरतं उत्पादन, असं सगळं ओलांडून १७ जुलै २००९ रोजी पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली.

तीन महिनेही झाले नव्हते आणि अहमदाबाद, लखनौ, दिल्ली अशा ठिकाणांहून गाडीतून धूर निघाल्याच्या बातम्या आल्या. स्टिअरिंगजवळ दिवे आणि वायपर चालवणारा जो जोडस्विच असतो, त्यात शॉर्ट सर्किट झालं होतं. कंपनीने तो भाग तपासला, बदलला. प्रकरण थंडावलं.

मग २१ मार्च २०१० आला. मुंबईतलं एक कुटुंब शोरूममधून नवी कोरी नॅनो घेऊन घरी निघालं होतं. नॅनोचं इंजिन मागे असतं. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने खुणा करून थांबवलं, तेव्हा मागून ज्वाळा निघत होत्या. घरचे सगळे वेळेत उतरले म्हणून वाचले. गाडीचा कोळसा झाला. त्या जळत्या गाडीचा फोटो देशभर छापून आला, आणि ज्या घरांनी गाडीची नोंदणी करून ठेवली होती त्यांच्या मनात तो कायमचा बसला. एप्रिलमध्ये गुजरातेत आणखी एक नॅनो पेटली.

कंपनीने चौकशी केली आणि मे महिन्यात निष्कर्ष सांगितला. गाडीच्या रचनेत दोष नाही, कारणं त्या त्या गाडीपुरती आहेत: कुठे बाहेरून जास्तीची विद्युत उपकरणं जोडलेली होती, कुठे एक्झॉस्टवर बाहेरची वस्तू राहून गेली होती. मी हा निष्कर्ष खोटा म्हणत नाही. गरम एक्झॉस्टवर राहिलेला चिंधीचा तुकडा पेटू शकतो, आणि हॉर्न किंवा टेपसाठी मूळ वायरिंग सोलून मारलेला जोडही पेटू शकतो. पण चौकशी कंपनीनेच केली, निष्कर्ष कंपनीनेच दिला, आणि तो तपासून पाहणारी, लोकांना सांगणारी तटस्थ सरकारी यंत्रणा मध्ये कुठेच नव्हती. ती असती तर कंपनीचाही फायदा झाला असता. लोकांनी निष्कर्षावर विश्वास ठेवायचा कोणाच्या जोरावर?

नोव्हेंबर २०१० मध्ये टाटांनी तोवर विकलेल्या सत्तर हजारांच्या आसपास गाड्यांना एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेसाठी जास्तीचं संरक्षण फुकट बसवून देण्याचं जाहीर केलं. हे रिकॉल नव्हे, असंही सांगितलं. पाऊल चांगलं होतं, कितीतरी घरांना त्याने निर्धास्त केलं असेल. पण ‘रिकॉल’ म्हणण्यात जी लाज वाटली, तिने नुकसान केलं असं माझं मत आहे. गाडी परत बोलावणं ही अब्रू जाण्याची गोष्ट आहे, अशी समजूत कारखानदारांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांची होती. त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१० मध्ये, देशभरात नॅनोच्या फक्त ५०९ गाड्या विकल्या गेल्या. डिसेंबरात वॉरंटी वाढवून चार वर्षं किंवा ६० हजार किलोमीटर केली गेली, विक्री काही काळ सावरली, पण जळत्या गाडीचं ते चित्र पुसलं गेलं नाही. जून २०१८ मध्ये एकच नॅनो तयार झाली.

२०१० साली जे घडलं त्यातून उद्योगाने धडा घेतला. फेब्रुवारी २०१० मध्येच मारुतीने ए-स्टारच्या सुमारे एक लाख गाड्या इंधनाच्या गळतीच्या शंकेने तपासायला बोलावल्या होत्या. जुलै २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, स्वेच्छेने रिकॉल करण्याची आचारसंहिता लागू केली. स्वेच्छेने, हाच तिचा जोर आणि हीच तिची मर्यादा. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स इंडियाने २००५ ते २०१३ दरम्यान बनलेल्या १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या. कंपनीतल्याच लोकांनी प्रदूषणाच्या चाचणीत वर्षानुवर्षं फसवणूक केल्याचं बाहेर आलं. गाडीत काय आहे हे आतल्या माणसांना माहीत होतं. तपासणाऱ्यांना आठ वर्षं कळलं नाही.

गरम सीटची कथा २०१४ साली पुन्हा पुढे आली, आणि या वेळी दोष शोधला तो दक्षिण कोरियाने. तिथल्या तपासणीत टोयोटाच्या काही गाड्यांच्या गरम सीटमधलं कापड आगीच्या कसोटीवर उतरलं नाही. अमेरिकेचा नियम सांगतो, की गाडीच्या आतलं कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरहून जास्त वेगाने जळता कामा नये. सीट पेटणारच असं नाही, पण पेटली तर माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा, एवढाच या नियमाचा हेतू. जानेवारी २०१४ च्या शेवटी टोयोटाने अमेरिकेतल्या विक्रेत्यांना त्या कापडाच्या गाड्या विकणं थांबवायला सांगितलं. अशा सुमारे ३६ हजार गाड्या दुकानांत उभ्या होत्या. तोवर एकही सीट पेटल्याची तक्रार नव्हती. एका देशाच्या सरकारी प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा जाळून पाहिला, आणि महासागरापलीकडच्या दुकानांतली विक्री थांबली. कोणी भाजायच्या आधी. यंत्रणा असण्याचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही.

आपल्याकडे ती यायला २०१९ उजाडावं लागलं. त्या ऑगस्टमध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि ११०अ हे नवं कलम आलं. पर्यावरणाला, चालकाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्यांना इजा पोचवू शकेल असा दोष आढळला, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. दुरुस्ती, बदली किंवा पूर्ण किंमत परत, हे सारं कंपनीच्या खर्चाने. दोष कंपनीला स्वतःला आढळला, तर तिने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा; तसं केलं तर दंड नाही. या शेवटच्या तरतुदीला मी सगळ्यात मोठं मानतो. भोपाळच्या त्या न पाठवलेल्या अहवालाला उत्तर द्यायचं असेल तर ते असंच द्यावं लागतं: जो स्वतःहून सांगेल त्याला कायदा वाचवेल, जो दडवेल त्याला पकडेल. पुण्याची एआरएआय आणि आमच्या मध्य प्रदेशातल्या पीथमपूरची चाचणी-संस्था यांसारख्या प्रयोगशाळांना आता या कामात कायद्याचा आधार मिळाला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तक्रारी किती आल्यावर चौकशी सुरू व्हायची हे त्या गाडीच्या वर्षाच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलं, आणि दंडाची कमाल मर्यादा एक कोटी रुपये. दरम्यान २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आणलं, तेही जुलै २०२० पासून अमलात आलं.

वर्षभरातच कसोटी लागली. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेवर चालणारी स्कूटर धूर ओकू लागली आणि पेटली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये, कारखान्यातून निघालेल्या कंटेनरमधल्या चाळीस विजेच्या स्कूटरपैकी वीस जळाल्या. २१ एप्रिलला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे बजावलं, की निष्काळजीपणा आढळला तर मोठा दंड होईल आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश निघतील. तोवर कंपन्यांनी स्वतःच पाऊल उचलावं. त्याच आठवड्यात ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या, आणि इतर कंपन्यांनीही त्या दिवसांत तसंच केलं. बॅटरीच्या चाचणीचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. नॅनोच्या वेळी मधली जी जागा रिकामी होती, ती आता रिकामी नव्हती.

पण कायदा दिल्लीहून अशोका गार्डनच्या गल्लीपर्यंत पोचता पोचता पातळ होतो. इथल्या गॅरेजांत येणाऱ्या गाड्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या, आणि ११०अ खालचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते आहेत. भोपाळची जानेवारीतली सकाळ चांगलीच बोचरी असते, म्हणून लायटरच्या सॉकेटला लावायच्या गरम गाद्याही लोक आणतात. कोणत्याही नावाच्या, तापमान किती ते न लिहिलेल्या. सॉकेट सैल असेल तर मेकॅनिक तार ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे मध्ये फ्यूजही राहत नाही. अशा गादीचा दोष कोणत्याच कंपनीच्या यादीत येणार नाही. म्हणून तिच्या पुरवठ्याला मर्यादेतला फ्यूज असलाच पाहिजे, ती आपोआप बंद होणारी नसेल तर घेऊ नये, कव्हरवर तपकिरी डाग किंवा करपल्याचा वास आला तर लगेच काढून टाकावी, आणि घरात मधुमेहाने पाय बधिर झालेलं माणूस असेल तर त्याला तिच्यावर बसवूच नये. गाडीच्या आगीत विम्याची भरपाई अडते तेव्हा बाहेरून केलेलं हे वायरिंगच अनेकदा वादाचं कारण होतं.

कारखान्यात बसवलेल्या सीटचा, स्विचचा, एअरबॅगचा दोष मात्र यादीत येतो. गाडीचा सतरा अक्षरी चेसिस क्रमांक आरसीवर असतो, आणि अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर तो घातला की त्या गाडीचा रिकॉल निघाला आहे का ते कळतं. दुरुस्ती फुकट होते, मालक कितवाही असो. अडचण एवढीच, की रिकॉलचं पत्र बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. तो मालक गाडी विकून मोकळा झालेला असतो, आणि आज जो ती चालवतो आहे त्याला कोणीच काही सांगत नाही. हे बदलता येण्याजोगं आहे. मालकी बदलली की आरटीओच्या ‘वाहन’ नोंदीत नवं नाव आणि नवा मोबाइल क्रमांक चढतो. सिग्नल तोडल्याचं चलन त्याच क्रमांकावर काही दिवसांत येतं. रिकॉल निघाल्याचा संदेशही आजच्या मालकाला त्याच क्रमांकावर, त्याच यंत्रणेतून, कायद्याने सक्तीचा म्हणून गेला पाहिजे, आणि गाडीच्या हस्तांतराचा अर्ज भरताना तिचा रिकॉल बाकी आहे की नाही हे अर्जावरच दिसलं पाहिजे.